/२८ ब्लॉकचं रिव्हर्स डीएनएस आतून चालतं, बाहेरून नाही: चूक कुठे शोधायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्ष निर्यातीचं पॅकहाउस, तिथलं आयटी एकटा माणूस बघतो. प्रोव्हायडरने १६ स्टॅटिक आयपींचा /२८ ब्लॉक दिलाय. त्याने ऑफिसच्या बाइंड सर्व्हरवर (बाइंड म्हणजे डीएनएस चालवणारं सॉफ्टवेअर) रिव्हर्स झोन, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी वही, तयार केला. आतून आयपी विचारला की नाव बरोबर येतं, बाहेरून काहीच येत नाही, आणि परदेशी ग्राहकांना पाठवलेले मेल परत येतात. प्रोव्हायडर म्हणतो, ‘आमच्याकडून डेलिगेशन झालंय,’ म्हणजे या पत्त्यांची नावं सांगायचं काम तुमच्या सर्व्हरकडे सोपवलंय. मग चूक कुणाची?

उत्तर:

आतून येतं आणि बाहेरून येत नाही, हे वाचल्यावर माझी पहिली शंका अशी की तुम्ही केलेल्या झोनचं नाव ११३.०.२०३.इन-ॲडर.अर्पा अशा धर्तीचं, म्हणजे तीन आकड्यांचं आहे. (तुमचा खरा आयपी मला माहीत नाही, म्हणून उदाहरणांसाठीच राखून ठेवलेला २०३.०.११३.० हा पत्ता घेतेय. तुमचा ब्लॉक २०३.०.११३.६४/२८, म्हणजे ६४ ते ७९, आणि मेल सर्व्हर ६६ वर, असं धरू. मी सगळं देवनागरीत लिहितेय, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करायचं.) तसं असेल तर तुमचा सर्व्हर २५६ च्या २५६ पत्त्यांचा मालक असल्याच्या थाटात उत्तरं देतोय. ऑफिसातले सगळे पीसी त्यालाच विचारतात, म्हणून आत सगळं झकास. बाहेरचं जग त्याच्या दारात येतच नाही, कारण वरून कुणी त्यांना तुमच्याकडे धाडत नाही.

तुम्ही निफाड तालुक्यातले, तेव्हा सातबाऱ्यावरूनच सांगते. गट नंबर ११३ प्रोव्हायडरच्या नावावर आहे. त्यातला एक तुकडा तुम्हाला दिलाय. घरच्या वहीत ‘अख्खा गट आमचा’ असं लिहून ठेवलंत तर घरातली माणसं मानतील, पण बाहेरचा माणूस तुमची वही बघत नाही, तलाठ्याचं दप्तर बघतो. इथे ते दप्तर प्रोव्हायडरच्या नेमसर्व्हरवर आहे. तिथे फेरफार पडला का, आणि पडला तर नेमका कुठल्या पोटहिश्शाच्या नावाने पडला, हे आधी बघायचं. स्वतःच्या सर्व्हरला हात त्यानंतर. मी स्वतः हे उलट्या क्रमाने करून दोन दिवस घालवलेत, ते पुढे सांगते.

आता हा पोटहिश्शाचा घोळ होतोच का, ते एकदा कळलं की बाकी सोपं आहे. आयपी पत्ता हा टेलिफोन नंबरासारखा असतो: आधी ०२५३, मग एक्स्चेंज, मग शेवटचे आकडे. मोठ्याकडून लहानाकडे. डोमेनचं नाव पाकिटावरच्या पत्त्यासारखं: आधी माणूस, मग गल्ली, मग गाव, मग जिल्हा. लहानाकडून मोठ्याकडे. डीएनएसला पाकीटच वाचता येतं, म्हणून आयपी उलटा करून शेवटी इन-ॲडर.अर्पा जोडतात. २०३.०.११३.६६ चं होतं ६६.११३.०.२०३.इन-ॲडर.अर्पा. इथवर ठीक. पण पाकिटावर मालकी फक्त टिंबाच्या जागी बदलू शकते. /८, /१६ आणि /२४ यांच्या सीमा बरोबर टिंबावर येतात. /२८ ची सीमा शेवटच्या आकड्याच्या पोटात, बिटांमध्ये कुठेतरी येते, आणि तिथे टिंबच नाही.

डीएनएसची रचना १९८० च्या दशकातली. तेव्हा ब्लॉक ए, बी, सी अशा वर्गांतच मिळत, त्यामुळे कुणाला अडचण नव्हती. १९९३ मध्ये वर्ग मोडीत निघाले, /२८ किंवा /२९ असे तुकडे वाटता येऊ लागले, पण इन-ॲडर.अर्पा होतं तसंच राहिलं. यावरचा तोडगा मार्च १९९८ मध्ये आरएफसी २३१७ म्हणून आला (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक दस्तऐवज). तोडगा म्हणजे सरळ जुगाड आहे, आणि मला तो आवडतो: डीएनएसमध्ये एक अक्षरही न बदलता केलेला जुगाड. प्रोव्हायडर आपल्या /२४ च्या झोनमध्ये तुमच्या पोटहिश्शाला एक मनचं नाव देतो, समजा ‘६४-७९’. त्या नावाखाली एनएस रेकॉर्ड (कुठल्या सर्व्हरला विचारायचं ते सांगणारी नोंद) लावून ते तुमच्या सर्व्हरकडे सोपवतो. मग ६४ पासून ७९ पर्यंत प्रत्येक पत्त्यासमोर एक सीनेम लिहितो: ६६ चं उत्तर हवंय? मग ६६.६४-७९.११३.०.२०३.इन-ॲडर.अर्पा या नावाला विचारा. खरा पीटीआर (आयपीचं नाव सांगणारी नोंद) त्या नावावर, तुमच्या सर्व्हरवर.

म्हणजे ही व्यवस्था चालायला दोन टोकांनी एकच नाव लिहिलेलं असावं लागतं, आणि ते नाव कुठल्याही नियमात ठरवून दिलेलं नाही. प्रोव्हायडरच्या माणसाला त्या दिवशी जे सुचलं ते. कुणी ‘६४-७९’ लिहितो, कुणी ‘६४-२८’, कुणी ‘६४/२८’. मी पाहिलेली बहुतेक दुखणी याच शिवणीवर होती.

तर तपासणी. मोबाइलचा हॉटस्पॉट लॅपटॉपला जोडा, ऑफिसचं नेटवर्क सोडा. ऑफिसात बसून ऑफिसच्याच सर्व्हरला विचारून काहीही सिद्ध होत नाही. मग ‘डिग’ या डीएनएस तपासायच्या कमांडला ‘-एक्स’ आणि ‘+ट्रेस’ लावून २०३.०.११३.६६ विचारा. तो रूटपासून, म्हणजे डीएनएसच्या सगळ्यात वरच्या सर्व्हरपासून, एकेक पायरी खाली उतरताना दिसेल: रूट, मग इन-ॲडर.अर्पाचे सर्व्हर, मग २०३ साठी एपीनिक (आशिया-पॅसिफिकमध्ये आयपी वाटणारी संस्था), मग तुमचा प्रोव्हायडर. शेवटची पायरी नीट वाचा, सगळं तिथेच आहे.

तिथे प्रोव्हायडरचा एसओए (झोनची मुख्य नोंद) आणि एनएक्सडोमेन (‘असं नावच नाही’) आला तर फेरफार पडलेलाच नाही. ‘डेलिगेशन केलंय’ म्हणणाऱ्याने बहुधा तिकीट बंद केलंय, काम नाही. तिथे थेट पीटीआर आला आणि त्यात ‘स्टॅटिक’ आणि आयपीचे आकडे गुंफलेलं प्रोव्हायडरचंच एखादं नाव असेल, तर त्यांनी पूर्ण /२४ ला आपलं सरसकट नाव लावून ठेवलंय आणि तुमच्या तुकड्याला हात लावलेला नाही. काही प्रोव्हायडर सीनेमऐवजी प्रत्येक पत्त्याचं वेगळं डेलिगेशन करतात, ६६ साठी वेगळे एनएस, ६७ साठी वेगळे. तेही कायदेशीर आहे, पण मग तुमच्याकडे १६ छोटे झोन लागतात आणि पीटीआर त्या प्रत्येक झोनच्या माथ्यावर बसतो. आणि सीनेम आला तर बरं वाटून घ्या, पण घाई नको. ‘+ट्रेस’ सीनेमपाशी थांबतो, पुढे जात नाही. ते पाहून ‘अर्धवट उत्तर येतंय’ अशी तक्रार प्रोव्हायडरकडे करू नका. त्यांच्या सर्व्हरने तेवढंच सांगायचं असतं.

त्या सीनेमच्या उजवीकडचं नाव कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. हाताने पुन्हा टाइप करायचं नाही, कॉपीच. त्यातला पहिला ‘६६.’ काढला की जे उरतं तेच तुमच्या झोनचं नाव असलं पाहिजे, अक्षराला अक्षर.

आता माझी गोष्ट. अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात हेच काम होतं. प्रोव्हायडरचा मेल आला, डेलिगेशन पूर्ण. मी आमच्याकडे ६४-७९ च्या धर्तीवर झोन केला, कारण आधीच्या दोन ठिकाणी तसंच होतं. बाहेरून काही येईना. मी फायरवॉल तपासली, बाइंडची कॉन्फिग तीनदा वाचली, सर्व्हर रीस्टार्ट केला, नंतर अख्खी मशीन रीस्टार्ट केली (यातून काय साध्य होणार होतं, देव जाणे). दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कारखान्याचा अकाउंटंट चहा घेऊन आला आणि माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघत म्हणाला, ‘मॅडम, वरच्या ओळीत तिरकी रेघ आहे आणि खाली आडवी, ते चालतं का?’ प्रोव्हायडरने ६४/२८ लिहिलं होतं. डीएनएस न कळणाऱ्या माणसाने ते दहा सेकंदांत पाहिलं, कारण तो अर्थ लावत नव्हता, अक्षरं जुळवत होता. व्हाउचर तपासणाऱ्याची नजर.

ती तिरकी रेघ अजून थोडा त्रास देते. आरएफसीतली उदाहरणं तिरकी रेघ घालूनच लिहिलेली आहेत, त्यामुळे ती चूक नाही; डीएनएसच्या नावात ती चालते. पण बाइंडमध्ये झोनच्या नावात रेघ ठेवा, फाइलच्या नावात ठेवू नका, नाहीतर लिनक्स तो फोल्डर समजून शोधत बसतो. काही वेब पॅनल तिरकी रेघ असलेलं झोनचं नाव घेतच नाहीत. तुम्ही विंडोज सर्व्हर वापरत असता तर विझार्डमध्ये नेटवर्क आयडी न भरता रिव्हर्स झोनचं पूर्ण नाव हाताने लिहायचा पर्याय निवडावा लागला असता. पॅनल अडून बसलं तर प्रोव्हायडरला सरळ कळवा की ६४-७९ करून द्या. त्यांचं पाच मिनिटांचं काम आहे. बाइंडमध्ये ‘जनरेट’ची एक ओळ लिहिली की सोळाही सीनेम तयार होतात.

नाव जुळलं की बाहेरूनच तुमच्या सर्व्हरला थेट विचारा: त्या झोनचा एसओए सांग. रिफ्यूज्ड आलं तर तो झोन त्या नावाने तुमच्याकडे नाही, किंवा बाहेरच्यांना बंद आहे. सर्व्हफेल आलं तर झोन आहे पण लोड झालेला नाही, लॉग बघा, फाइलमध्ये काहीतरी मोडलंय. काहीच न येता वेळ संपली तर फायरवॉल. तिथे ५३ पोर्ट यूडीपी आणि टीसीपी दोन्हीवर उघडा. फक्त यूडीपी उघडून ‘झालं’ म्हणणारे फार भेटतात. उत्तर आलं आणि फ्लॅगमध्ये ‘एए’ (अधिकृत उत्तराची खूण) दिसला तर तुमचं टोक ठीक आहे. मग प्रोव्हायडरच्या सर्व्हरला विचारा की या पोटहिश्शाचे एनएस कोण. तिथे तुमच्या जुन्या, बंद पडलेल्या सर्व्हरचं नाव बघायला मिळालं तर आश्चर्य वाटू देऊ नका.

एक गंमत पीटीआरच्या शेवटच्या टिंबाची. झोन फाइलमध्ये ‘मेल.कंपनी.इन’ लिहून पुढचं टिंब विसरलात तर बाइंड त्याला अपुरं नाव समजून मागे अख्खा झोन चिकटवतो, आणि जगाला तुमच्या सर्व्हरचं नाव मेल.कंपनी.इन.६४-७९.११३.०.२०३.इन-ॲडर.अर्पा असं दिसतं. हे सगळ्यांकडून एकदा तरी होतं.

तो तीन आकड्यांचा झोन मात्र आजच काढून टाका. तो नुसता निरुपयोगी नाही, घातक आहे. ब्लॉकमधले तुमचे १६ सोडून उरलेल्या २४० पत्त्यांबद्दल तुमचा सर्व्हर आत ठासून सांगतोय की असं कुणी अस्तित्वातच नाही. सातपूरच्या एका ऑफिसात शेजारच्याच युनिटचे मेल नाकारले जात होते आणि कुणालाच कारण कळेना. दोघांचा प्रोव्हायडर एक, दोघांचे आयपी एकाच /२४ मधले, आणि एकाच्या सर्व्हरवर असा खोटा झोन. शेजाऱ्याचा मेल आला की सर्व्हर स्वतःलाच विचारायचा, ‘हा कोण?’, आणि स्वतःच सांगायचा, ‘कुणी नाही.’ फेकला मेल.

झोन काढल्यावर आतल्या लोकांचे प्रश्नही बाहेर प्रोव्हायडरकडे जाऊन सीनेम घेऊन परत तुमच्याकडे येतील. हे बरोबरच आहे, पण एक परिणाम लक्षात असू द्या: रस्ता खोदताना जेसीबीने फायबर तोडली की कॅशमधली मुदत संपल्यावर तुमच्याच पत्त्यांची नावं तुम्हाला आतून मिळेनाशी होतील, आणि सर्व्हरवर एसएसएचने दुरून लॉगिन करताना अर्धा-पाऊण मिनिट नुसतं थांबल्यासारखं वाटू शकेल. ते हॅकिंग नव्हे. प्रोव्हायडर तयार असेल तर त्यांच्या /२४ झोनची दुय्यम प्रत तुमच्या सर्व्हरवर ठेवणं हा त्यावरचा इलाज. बहुतेक जण तयार होत नाहीत.

दुरुस्तीनंतर लगेच ‘अजून येत नाही’ म्हणून पुन्हा उकरायला बसू नका. ‘नाही’ हे उत्तरसुद्धा रिझॉल्व्हर (आपल्या वतीने नावं शोधणारे सर्व्हर) लक्षात ठेवतात, प्रोव्हायडरच्या एसओएमधल्या शेवटच्या आकड्याच्या हिशेबाने. तिथे ८६४०० असेल तर पूर्ण एक दिवस. तोवर ‘+ट्रेस’नेच तपासा, तो कॅश वापरत नाही. स्वतःच्या झोनमध्ये बदल केल्यावर सीरियल (एसओएमधला आवृत्ती क्रमांक) वाढवायला विसरलात तर मुख्य सर्व्हरवर नवं आणि दुय्यमवर जुनं अशी दोन वेगळी उत्तरं येत राहतील, तेही एकदा बघून घ्या.

आता मेलबद्दल, कारण तुमचं खरं दुखणं ते आहे. परत आलेला एक मेल उघडा आणि त्यात समोरच्याने कुठला आयपी लिहिलाय ते आधी वाचा. तुम्ही ६६ ला नाव देत बसला आहात आणि मेल फायरवॉलच्या नॅटमधून (आतले पत्ते बाहेरच्या आयपीत बदलणारी सोय) ६५ वरून बाहेर पडतोय, असं सर्रास असतं. दुसरी लाइन बॅकअपला असेल तर तिच्या आयपीलाही पीटीआर हवा, नाहीतर नेमकी मुख्य लाइन पडलेल्या दिवशी मेलही पडतील. सर्व्हरला आयपीव्ही६ मिळालेलं असेल तर मेल तिकडूनही जाऊ शकतो. त्याचा पीटीआर वेगळा, आयपी६.अर्पामध्ये. (तिथे प्रत्येक हेक्स आकड्यानंतर टिंब असल्यामुळे हा सीनेमचा खटाटोप क्वचितच लागतो, तेवढं सुख आहे.) त्याची तयारी नसेल तर सध्या मेल सर्व्हर फक्त आयपीव्ही४ वर ठेवा.

पीटीआर नुसता असून भागत नाही. ६६ चं नाव मेल.कंपनी.इन आलं, तर मेल.कंपनी.इन च्या ए रेकॉर्डने (नावावरून आयपी सांगणाऱ्या नोंदीने) परत ६६ कडेच बोट दाखवलं पाहिजे. फेब्रुवारी २०२४ पासून लागू झालेल्या जीमेलच्या नियमांत ही दोन्ही बाजूंची जुळणी सक्तीची आहे. न जुळल्यास परतीच्या मेलमध्ये ५५०-५.७.२५ हा आकडा दिसतो. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या लॉगमध्ये आयपीच्या अलीकडे ‘अननोन’ येतं तेही याचसाठी: पीटीआर नाही म्हणून, किंवा आहे पण उलट फिरून जुळत नाही म्हणून. दुसऱ्या कारणाकडे लोक बघतच नाहीत.

शेवटी माझं प्रांजळ मत: तुमच्याकडे एकच मेल सर्व्हर असेल आणि नाव वर्षानुवर्षं बदलणार नसेल, तर हे डेलिगेशन हवंय कशाला? प्रोव्हायडरला दोन ओळींचा मेल करा: ‘२०३.०.११३.६६ चा पीटीआर मेल.कंपनी.इन असा तुमच्याच झोनमध्ये लावा, आणि आधी केलेलं डेलिगेशन काढून टाका.’ दुसरं वाक्य विसरू नका, एकाच नावावर सीनेम आणि पीटीआर एकत्र नांदत नाहीत. पत्ते बरेच असतील आणि नावं वारंवार बदलत असतील तरच पोटहिस्सा स्वतःकडे घ्या. मधला मार्गही आहे: सीनेमचं टोक रिव्हर्स झोनमध्येच असायला हवं असं कुठे नाही. प्रोव्हायडरने ६६ चा सीनेम थेट ६६.पीटीआर.कंपनी.इन कडे वळवला, तर तुमच्या नेहमीच्या डोमेनच्या पॅनलमध्येच पीटीआर लिहिता येतो, बाइंड सांभाळायची कटकटच नाही. फक्त पॅनल पीटीआर रेकॉर्ड घेतं का, ते आधी बघा. प्रोव्हायडरचा पहिल्या फळीतला माणूस हे ऐकून गोंधळेल, तेव्हा ‘आरएफसी २३१७’ एवढं लिहून ते नेटवर्क टीमकडे पाठवायला सांगा.

हे सगळं करूनही अडलंत तर इथे खाली दोन गोष्टी टाका: ‘+ट्रेस’च्या शेवटच्या पायरीतली सीनेमची ओळ, आणि तुमच्या कॉन्फिगमधली झोनच्या नावाची ओळ. दोन्ही कॉपी-पेस्ट, एकाखाली एक.